दारावर लिंबाचा डहाळा

कामरगाव, ६ एप्रिल २०२१

ही डायरी निकितानं दिली. मार्चमध्ये संस्कृतीला सोडायला आली तेव्हा. दोघं नवराबायको अमरावतीला घरातूनच ऑफिसचं काम करतात, सात वर्षांची पोर मधे मधे येते, म्हणून नात सध्या माझ्या पदरात. "आई, तुला मोठा मोबाईल नको ना, मग यात लिही," म्हणाली. "रोज एक गोष्ट, जिच्यासाठी कोणाचे तरी उपकार मानावेसे वाटतात." तिनं हे कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं म्हणे. उपकारच मानायचे तर मग निकितापासून सुरू करते. बाई, तू मला मोठा मोबाईल घेऊन दिला नाहीस, फार चांगलं केलंस.

कारण मोबाईल माणसाचं काय करतो ते मी रोज बघते. आमचे हे कामरगाव-कारंजा जीप चालवतात. आता सगळं बंद, जीप अंगणात उभी, तिच्या टपावर कोंबडी बसते, आणि हे दिवसभर खाटेवर, छातीवर मोबाईल. सकाळी म्हणाले, गरम पाण्यानं कोरोना पोटात उतरतो अन् मरतो. दुपारी दुसरा व्हिडिओ आला, तर नाकात लिंबू पिळलं. मग संध्याकाळपर्यंत शिंकत बसले. त्या शिंका ऐकून बाजूचे नानाजी घरात गेले आणि आतून कडी लावून घेतली.

"अवो, एवढं ग्यान आलं कुठून?" मी विचारलं.

"सारं जग सांगून राह्यलं, विजू. तूच अडाणी."

दहावी पास आहे म्हटलं मी. लिहायला बसलं की हात शाळेतलं लिहितो, तोंड मात्र घरचंच बोलतं.

८ एप्रिल

लस घेतली. मागच्या गल्लीतली फरहत आशाताई आहे, ती काल दारात येऊन गेली. "भाभी, उद्या शाळेत लस हाय. पंचेचाळीसच्या वरचे सारे. दोघंबी येजा."

हे म्हणाले, "तू घे आधी. तुले काय होते थे पाहू, मंग मी."

वा रे माणूस! दुधाची साय आधी यांना, लस आधी मला. पण मी गेले. सुई टोचली ते कळलंसुद्धा नाही. बाहेर हरीओम उभा, हातात माईक. पोरगा बीए करून घरी बसला, आता गावाच्या बातम्यांचं यूट्यूब चालवतो. "काकू, हात दाखवा, हसा!" मी डोक्यावर पदर घेतला आणि हसले. फोटो चांगला निघाला म्हणे.

१० एप्रिल

काल दिवसभर अंग मोडून आलं, रात्री उतरलं. मी उठले तर संस्कृती निजलेली. पोटावर, पाठीवर पाण्यानं भरलेले फोड. पाहिलं आणि समजलं. माता आली.

आपल्याकडं हिला बिमारी म्हणायचं नाही. कोणी काही म्हणो, माझ्या माहेरी-सासरी हेच चालत आलं. माता पाहुणी म्हणून येते, मान घेते आणि जाते. यांना झाडावर चढवून कडुलिंबाचा मोठा डहाळा तोडायला लावला, दारावर बांधला. आता फोडणी बंद, तळण बंद. पापड-कुरड्यांचा एवढा पसारा मांडला होता, तोही बंद. बाहेरच्यानं घरात यायचं नाही, आलंच कोणी तर लिंबाच्या पाण्यानं पाय धुवायचे.

फरहत आली आणि डहाळा पाहून पायरीखालीच थांबली. कोणी शिकवायला लागलं नाही तिला. "पाहुणी आली वाट्टे," एवढंच म्हणाली. खाजेवर लावायचं गुलाबी औषध पायरीवर ठेवलं, नखं कापायला सांगितली, ताप चढला तर हाक मारा म्हणाली आणि गेली. तिच्यासारखी माणसं गल्लीत आहेत हे माझं नशीब.

हे म्हणाले, "लोक तरी येतीनच ना घरी. सांगा लागन."

"नाव घ्याचं नाही," मी सांगितलं. "कोणी इचारलं त नुसते हात जोडाचे. समजणाऱ्याले समजते."

"बरं," म्हणाले, आणि खाटेवर पडल्या पडल्या मोबाईल दाराकडं उंच करून कितीतरी वेळ धरून बसले. उन्हात डोळे जातील म्हटलं. ऐकतील तर शपथ.

१२ एप्रिल

माझ्या साध्या फोनला काय झालं कळत नाही. सकाळपासून वाजतो. मी उचलते, "हॅलो, कोण?" म्हणते, की पलीकडून कोणीतरी "माय वं!" असं ओरडतं आणि फोन कट. असं तीनदा झालं. एकदा तर माझा कारंज्याचा भाऊ होता, आवाज ओळखला मी. त्यानं विचारलं, "कोण बोलते?" म्हटलं, "मी, विजू." तर रडायला लागला. काय झालं रे, दारू पिऊन आहेस का, म्हटलं, तर हसायला लागला. दुकानं बंद आहेत, याला दारू मिळते कुठून देव जाणे.

संस्कृतीचे फोड वाळायला लागले. मातामायचे उपकार.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणजे दुसऱ्यांदा मरेपर्यंत.

गुढी उभारायची होती, मी अंगणात दात घासत होते. दाराशी दुधाची गाडी थांबली. तिच्यातून चतुराबाई उतरल्या, माझ्या मोठ्या नणंद, पार रिसोडकडच्या केनवडहून. डोक्यावरचा पदर घसरलेला, केस सुटलेले. आणि फाटकातूनच हंबरडा: "विजे वं! मले टाकून कशी गेली वं माय! माह्या भावाचं आता कोण पाहीन वं!"

माझ्या तोंडात राखुंडी. बोलता येईना. मी नुसता हात हलवला.

चतुराबाईंनी मला पाहिलं आणि मटकन खालीच बसल्या. दमा आहे त्यांना. शिट्टी वाजावी तसा श्वास. मी तोंड धुतलं, धावले, पाठ चोळली, लिंबाच्या पाण्यानं पाय धुतले. किती वेळ माझ्या गालाला हात लावून बघत होत्या. मग फाडकन एक लावली. "जित्ती आहे त फोन काहून नाही केला?"

मी कशाला फोन करू की मी जिवंत आहे म्हणून!

मग सगळं बाहेर आलं. केनवडमध्ये त्यांच्या शेजारच्या पोरानं मोबाईलवर दाखवलं. वर माझा लस घेतानाचा फोटो, हसरा. खाली आमच्या दाराचा फोटो, लिंबाचा डहाळा बांधलेला, त्याखाली दोन जोडलेले हात. आणि कोणीतरी लाल अक्षरात लिहिलेलं: लस घेतली, दोन दिवसांत गेली, कामरगावच्या विजयमालाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्याकडं मयतीवरून आलं की दारात लिंबाचा पाला चावतात, म्हणून सगळ्यांना पटलं. बंदीत गाडी नाही, तर या बाईनं दूधवाल्याच्या पाया पडून, तीन ठिकाणी गाड्या बदलून, मला शेवटचं पाहायला एवढा जिल्हा आडवा पार केला.

सासू मी पाहिली नाही. लग्न होऊन आले तेव्हा यांना वाढवणारी ही मोठी बहीणच होती. मला शिवण त्यांनी शिकवलं. निकिता झाली तेव्हा पहिली मुलगी म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली, तर बाईंनी गावभर जिलबी वाटली. आज त्या माझ्यासाठी छाती फुटेपर्यंत रडत आल्या. याच्यापुढं आणखी काय लिहू?

बाई हे सगळं सांगत होत्या, तेव्हा हे खाटेवरून उठले. चेहरा पांढराफटक. "म्हशीले पाणी दाखवून येतो," म्हणाले आणि बादली घेऊन गोठ्यात गेले. म्हैस आम्ही दिवाळीतच विकली. बायको मेल्याची बातमी ऐकून माणसाचं भान जातं ते असं. एवढा जीव आहे यांचा माझ्यावर, मला माहीतच नव्हतं.

१५ एप्रिल

हरीओमला फाटकाबाहेर बोलावला. त्याच्या यूट्यूबवर मी दोन दिवस मेलेली आहे. वर मोठ्या अक्षरात: लसीनं घेतला बळी?

"मेल्या, मी मेली असं तूनं सांगितलं?"

"नाही काकू, प्रश्नचिन्ह लावलं ना."

"प्रश्न होता त इचारायले येत होता! चार घरं सोडून राहते ना तू!"

"तुमच्या दारावर डहाळा होता. मयतीच्या घरी कसं इचारता?"

म्हटलं, फोटो आला कुठून, तर म्हणे फॉरवर्ड होऊन, होऊन, होऊन. त्यानं मोबाईल दाखवला. मी नीट पाहिलं. फोटोच्या कोपऱ्यात आमच्या खाटेचा पाय दिसतो! म्हणजे कोणीतरी पार अंगणात येऊन काढला. दिवसाढवळ्या! मी यांना ओरडून विचारलं, "अवो, तुमी त दिवसभर खाटेवरच असता, कोणी आलं कसं दिसलं नाही तुमाले?"

"झोप लागली असल," हे म्हणाले.

हरीओमनं मग माझा नवीन व्हिडिओ काढला. मी म्हटलं, मी विजयमाला, जिवंत आहे, घरात पाहुणी आहे म्हणून डहाळा आहे. तो टाकला त्यानं. फरहत सांगते, तो आमच्या गल्लीनं पाहिला. पहिला मात्र अजून फिरतो, रिसोड-मानोऱ्यापर्यंत पोचला. आणि शाळेत आज लसीला एकही माणूस आला नाही. तिचे रोजे चालू झाले आहेत. उन्हात, तोंडात पाण्याचा थेंब नाही, घरोघर जाते आणि लोक दार लावून घेतात. एकानं तर म्हटलं, "एक बाई मारली तं पोट नाही भरलं का?" फरहत सांगताना हसली, पण डोळे भरले होते. नानाजींची आज पाळी होती, तेही गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र चांगली. नालीच्या पाण्यावरून शेजारची रामीबाई माझ्याशी तीन वर्षं बोलत नव्हती. ती मी गेल्याचं ऐकून दोन दिवस रडली, चूल पेटवली नाही म्हणे. आज फाटकाबाहेरून ओरडली, "मेली असती त बरं झालं असतं, एवढं रडू वाया गेलं!" मी इकडून ओरडले, "ये मंग, परत भांडू!" दोघी हसलो.

१७ एप्रिल

यांनी मोबाईल पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली मला दिली. "डोळे दुखतात," म्हणाले.

सकाळी चहा यांनी केला. दूध उतू घालवलं, पण केला.

२० एप्रिल

माता उतरली. संस्कृतीला लिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली, दहीभाताचा नैवेद्य मातामायला नेला. डहाळा सोडला, नाल्याच्या पाण्यात शिरवला. खपल्या सगळ्या कोरड्या आहेत, पोर मांजरासारखी भूक भूक करते. देवीचे, फरहतच्या औषधाचे, दोघींचेही उपकार. दोघींचं पटतं एकमेकींशी, आपल्यालाच भांडायला हवं असतं.

डहाळा काढताना चतुराबाई बघत होत्या.  मग म्हणाल्या, "विजू, मी सहा लेकरं वाढवली. किती खेपा दारावर डहाळा बांधला असन? अन् पाडव्याले नाही का बांधत आपण गुढीले? पण त्या फोटोत मले माता नाही दिसली, पाडवा नाही दिसला. मयतच दिसली."

"काहून बाई?"

"पोट्ट्यानं आधी वाचून दाखवलं ना. मंग डोळे काय करतीन, जे ऐकलं थेच पाहतात."

मी लगेच धरलं. म्हटलं, "आता त पटलं ना, मी लसीनं मेली नाही? चाला मंग, उद्या फरहतले सांगतो, तुमीबी घ्या. तुमाले दमा. तुमाले लागला त..."

"नाही वं." हात झटकला. "तू वाचली. पण धूर निघते त कुठं तरी आग असतेच. एवढ्या लोकायनं उगाच लिहिलं का?"

डोळ्यांनी पाहूनही भीती जात नाही. मी जिवंत त्यांच्यासमोर भाकरी थापते आणि त्यांच्या मनात मी अर्धी मेलेलीच आहे. आता माझ्या जिवाला एकच घोर. त्या परत केनवडला जातील, तिथं घरोघर ताप आहे, आणि तो श्वास. परवा नुसतं रडल्यावर शिट्टी वाजत होती.

२२ एप्रिल

मी आजपासून शाळेत जाऊन बसते. फरहतच्या टेबलापासून दूर, बाभळीखाली, खुर्ची टाकून. मास्क लावून, हळदीकुंकू लावून, हिरवं लुगडं नेसून. ज्याला मी मेलेली वाटते त्यानं यावं आणि पाहावं.

आले की लोक! पण बघून काय म्हणतात? एक म्हणाली, "लय उतरली वं तू." दुसरी म्हणाली, "बाहीरून चांगली दिसते, आतून पोखरत असन." एक म्हातारा माझ्याकडं बोट दाखवून बायकोला म्हणाला, "थे मेली थे दुसरी असन. कामरगावात दोन विजयमाला असतीन." बाप्पा! खोट्याला सारा जिल्हा फिरायला मोकळा आणि खऱ्याला बाभळीखाली बसून ओळख सांगावी लागते.

तरी संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी घेतली. पहिला नंबर कोणाचा? आमच्या यांचा! कोणी म्हटलं नाही, काही नाही, आपण होऊन बाही वर केली. सुईला एवढं भिणारा माणूस. मग जीप काढली, पोलिसांना लसीची चिठ्ठी दाखवली आणि शेतातल्या म्हाताऱ्यांना आणून सोडलं. डिझेल पदरचं. फरहत म्हणाली, "भाभी, भाईसाहेबांना काय झालं?" मी म्हटलं, मी गेले असं ऐकलं ना, तेव्हापासून बदललेत. खरंच, माणसाला धक्का बसल्याशिवाय किंमत कळत नाही.

२३ एप्रिल

नानाजींना धाप लागली. पोरं पुण्यात, घरी एकटे. रुग्णवाहिका येईना. यांनी कोणाला न विचारता मास्कवर गमछा बांधला, जीपच्या काचा उघड्या टाकल्या, नानाजींना मागच्या सीटवर निजवलं आणि कारंज्याला नेलं, तिथून पुढं वाशीमला. परत आले ते घरात आले नाहीत. "सात दिवस गोठ्यात राहतो," म्हणाले. मी दुरून ताट सरकवलं. जेवताना रडत होते.

"अवो, नानाजी येतीन घरी."

"त्यायची पाळी होती थ्या दिवशी," हे म्हणाले. "गेले असते त..."

मी म्हटलं, तुम्ही काय करणार, ज्यानं फोटो टाकला त्याला देव बघून घेईल. हे आणखीच रडायला लागले. मी ताट तसंच ठेवून आत आले. असं मन माझ्या नवऱ्याचं, आणि मी पस्तीस वर्षं त्यांना आळशी म्हणत आले.

२५ एप्रिल

आज एक अजबच झालं. मी स्वयंपाकघरात, खिडकीतून अंगण दिसतं. चतुराबाई गोठ्यापासून लांब, धोंड्यावर बसलेल्या. हे गोठ्याच्या दारात उकिडवे. काहीतरी सांगत होते. खूप वेळ. खाली मान. मधेच मोबाईल धरल्यासारखा हात वर केला, दाराकडं. मधेच दोन्ही हात जोडले. मला काही ऐकू येईना, कुकरची शिट्टी चालू.

एकदम चतुराबाईंनी पायातली चप्पल काढली आणि यांच्यावर फेकली. नेम चुकला, कोंबडीला लागली. दुसरी फेकली. मग हसायला लागल्या. अशा हसल्या की दमा उठला, मी पंप घेऊन धावले. श्वास जागेवर आला तर डोळे पुसत म्हणाल्या, "विजू, फरहतले सांग. उद्या मी लस घेतो."

"काय? बाई, खरंच?"

"हो वं. आग पाहिली मी. साधी बिडी होती."

काय बोलतात काही कळलं नाही. यांच्याकडं पाहिलं तर हे चपला गोळा करत होते. भावाबहिणीचं काय असेल ते असो. इतके दिवस मी, फरहत, हरीओमचा व्हिडिओ, बाभळीखालची खुर्ची, कोणालाच जमलं नाही, ते यांनी गोठ्यातून केलं. मी मातामायला नारळ बोलले.

२६ एप्रिल

चतुराबाईंनी लस घेतली. सुईच्या वेळी माझा हात एवढा दाबला की दोन बांगड्या फुटल्या. फरहतच्या नवऱ्याचं, फय्याजचं, बांगड्यांचं दुकान बंद आहे, ती म्हणाली घरून आणून देते, हिरव्याच.

हरीओम आला, "आजी, व्हिडिओ घेऊ का?"

बाई म्हणाल्या, "घे. पण मांगं थो आकडा लावू नको, प्रश्नाचा."

पोरगा लाजला. तरी घेतला. यावेळी खाली लिहिलं, चतुराबाई, वय सहासष्ट, दमा आहे, लस घेतली, चहा पितात. बाकी काही नाही. मला आवडलं. तुसडेपणा केला होता मी त्याच्याशी, आज त्याला घरी बोलावून पोह्याचा पापड दिला.

२ मे

चतुराबाई केनवडला गेल्या. यांनीच जीपनं सोडलं. निघताना बाईंनी मला जवळ घेतलं, यांच्याकडं बघून म्हणाल्या, "जगदेव, बायकोच्या हातात रोज चहा देत जाय. नाही त मी तोंड उघडीन." हे हो हो करत राहिले. मोठ्या बहिणीचा धाक अजून आहे, बरं आहे.

१० मे

केनवडहून फोन.  बाईंच्या शेजारची, त्यांच्याच वयाची, गेली. आणि बाईंनाही ताप आला होता. तपासलं, कोरोनाच निघाला. मला आठवडाभर सांगितलंच नाही. पण घरीच राहिल्या, बोटाला यंत्र लावून रोज आकडा बघितला, श्वास टिकला. आज ताप नाही.

"लस घेतली नसती त?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर काही म्हणो, मले माह्या छातीचं माहीत आहे ना वं." मग रडल्या, मग म्हणाल्या, "तुहे अन् त्या फरहतचे उपकार. अन् त्या गाढवाचेबी."

"कोण गाढव?"

"जाऊ दे."

फोन ठेवला आणि मी देवापाशी बसून रडले. मग फरहतकडं गेले, फाटकातूनच सांगितलं. तीही रडली. शेजारच्या त्या बाईसाठी दिवा लावला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्याही मोबाईलवर माझा फोटो आला असेल, असं वाटत राहिलं.

१४ मे, अक्षयतृतीया

यंदा आखाजी आणि ईद एका दिवशी. फय्याजनं शीरखुर्म्याचं पातेलं पायरीवर ठेवलं, मी आमरसाचा डबा दिला. नानाजी मंगळवारी घरी आले, हडकले आहेत, काठी टेकत अंगणात येतात. त्यांनाही ताट नेलं. यांनी रोजच्यासारखं त्यांचं पाणी भरून दिलं.

आखाजी म्हणजे पितरांचा दिवस. घागर पुजली, पितरांना रसपोळी दाखवली. सगळ्या जिल्ह्याच्या मोबाईलमध्ये मेलेली मी, आणि पितरांच्या दिवशी आंबे पिळते, कोयी चोखते! देवा, तुझी लीला. रस गाळता गाळता मनात सगळे येऊन गेले. रिसोडकडून रडत आलेल्या बाई. रडू वाया गेलं म्हणणारी रामीबाई. उपाशी पोटी दारोदार फिरणारी फरहत. कारंज्याचा भाऊ. माणूस गेल्यावर लोक काय बोलतात ते कोणाला ऐकायला मिळतं? मला जितेपणी मिळालं.

जेवायला बसलो. हे, मी आणि संस्कृती. मी यांना वाढताना म्हटलं, "निकितानं सांगितलं, रोज कोणाचे तरी उपकार लिह्याचे. आज मी थो फोटो टाकणाऱ्याचे लिहिणार आहे."

यांच्या हातातला घास थांबला. "त्याचे कायले?"

"लय शिव्या घातल्या मी त्याले. पण पाहा ना, त्यानं टाकला म्हणून बाई इथं आल्या. आल्या म्हणून लस घेतली. नाही त आज घागर कोणाच्या नावानं भरली असती?"

 हे ताटाकडंच बघत म्हणाले: "म्हणजे त्याले माफ केलं तूनं?"

"माफ? अवो, सापडला त त्याले पाटावर बसवून पोटभर जेवू घालीन मी."

यांनी वाटी पुढं केली. "मंग वाढ अजून थोडा रस."

डोळ्यात पाणी होतं यांच्या. तिखट जास्त झालं असेल भाजीत. मी वाटी काठोकाठ भरली. आमरस दिसला की या माणसाला दुसरं काही सुचतच नाही.